मुळीचा होकार, मुळीचा नकार

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. शहापूरकडे माहुलीचा किल्ला आणि मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा, वैतरणा ही धरणे आहेत. मुरबाडकडे सिद्धगड, माळशेज आणि नाणेघाटाची जुनी वाट आहे. २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर वेगळा झाला, पण हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांची ही भूमी आहे. इथल्या रानाची खरी ओळख ज्यांना आहे तेही हेच लोक.

या रानात शतावरीच्या पांढऱ्या मुळ्यांचे झुबके निघतात. चित्रक आहे, उपळसरी म्हणजे अनंतमूळ आहे, पायवाटेवर पसरणारी पुनर्नवा आहे, पहिल्या पावसाबरोबर उगवणारी रानहळद आहे. कल्याण-भिवंडीच्या बाजारात अत्ताराच्या दुकानात याच मुळ्या दुसऱ्या नावांनी भेटतात. तिथे शतावरीची सतावर होते, चित्रकाचा शीतरज होतो आणि अनंतमुळाला उश्बा म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरची नावे एक आणि शेजारच्या पाड्यावरची नावे दुसरी, पण पाट्यावर उगाळली जाणारी मुळी एकच असते.

गेल्या दोन-तीन दशकांत या मुळ्यांना आणखी एक घर मिळाले, ते म्हणजे प्रयोगशाळा. विज्ञान महाविद्यालयांत आणि औषधनिर्माणशास्त्राच्या संस्थांत मुळ्या धुतल्या जातात, सावलीत वाळवल्या जातात, त्यांची पूड मेथॅनॉलमध्ये किंवा पाण्यात घालून अर्क काढला जातो. मग त्या अर्काला प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले जातात. तू सूज उतरवतोस का? आणि तुझ्यात अँटिऑक्सिडंट आहेत का? बहुतेक वेळा उत्तर ‘होय’ असे येते. ते एखाद्या नियतकालिकात छापले जाते आणि कालांतराने बाटलीवर ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ अशी अक्षरे उमटतात.

या ‘होय’ची किंमत किती, हा आमच्या लेखाचा विषय आहे. ती समजून घ्यायची तर मुळीची परीक्षा आपल्या भागात कोणी, कशी आणि केव्हापासून घेतली हे पाहावे लागेल. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या परीक्षेत नापास होण्याची शक्यता असते, तिच्यातल्या पास होण्याला अर्थ असतो. आपल्या इतिहासात अशा खऱ्या परीक्षा झालेल्या आहेत. मात्र त्यांतले होकार आपण मिरवले आणि नकार विसरून गेलो.

दरबारातली चर्चा

नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासून जुन्नरहून कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग. घाट उतरला की मुरबाडचा मुलूख आणि पुढे कल्याण बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून परदेशी जाणाऱ्या मालात कुठ नावाच्या सुगंधी मुळीचा उल्लेखही त्यातच आहे. मुळ्यांचा व्यापार एवढा जुना आहे.

मुळ्यांविषयीच्या ज्ञानाची देवाणघेवाण लेखी स्वरूपात आपल्याला सोळाव्या शतकात दिसते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे होते आणि तिथल्या अरबी-फारसी जाणणाऱ्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात औषधांची अरबी नावे, देशी नावे आणि स्वतः पाहिलेले गुण संवादरूपाने आले आहेत. जुन्या ग्रीक ग्रंथांत लिहिले आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करायला तो तयार नव्हता, हे त्याचे वैशिष्ट्य.

तरीही याच ग्रंथात सिलोनकडच्या एका ‘सापाच्या मुळी’ची हकीकत आहे. मुंगूस नागाशी लढण्याआधी ती मुळी खातो आणि म्हणून त्याला विष बाधत नाही, असा तिचा सारांश. ही कथा आपल्याकडेही घरोघरी सांगितली जाते. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावर विचारा, मुंगसाची मुळी ठाऊक असल्याचे सांगणारा कोणीतरी भेटेलच. तिच्या परीक्षेची हकीकत पुढे येणार आहे.

त्यानंतरच्या शतकात मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक फान ऱ्हेडे याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ छापून घेतला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे, तसेच इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही आहे. माहिती कोणी दिली हे नावानिशी छापले गेले, असे उदाहरण पुढच्या तीनशे वर्षांत फार थोडे सापडते.

इब्न सीनाच्या अटी

परीक्षा म्हणजे युरोपातून आलेली गोष्ट असा समज आपल्याकडे आहे, आणि तो आयुर्वेदाच्या अभिमान्यांत जसा आहे तसा युनानीच्या अभिमान्यांतही आहे. प्रयोगशाळेत नेणे म्हणजे परंपरेवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. त्यांनी इब्न सीनाचा ‘अल-कानून’ उघडून पाहावा. इब्न सीना १०३७ साली वारला. त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे एकेरी औषधांच्या विवेचनात, औषधाचा गुण अनुभवाने ठरवण्याच्या सात अटी दिल्या आहेत.

त्यांचा आशय असा. औषध शुद्ध असावे, त्यात बाहेरचा गुण मिसळलेला नसावा. रोग एकच असावा, गुंतागुंतीचा नसावा. औषध परस्परविरुद्ध प्रकृतीच्या दोन रोगांवर वापरून पाहावे. औषधाचे बळ रोगाच्या बळाशी जुळणारे असावे. परिणाम केव्हा दिसला ती वेळ पाहावी. परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसावा, एखाद्या वेळी दिसला तर तो योगायोग समजावा. आणि शेवटची अट, प्रयोग माणसाच्या शरीरावर व्हावा, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसले ते माणसावर दिसेलच असे नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या या अटी बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही समजतील. त्यातली पहिली आणि शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आजच्या मुळीपरीक्षणाचे बरेचसे वाद या दोन अटींतच सामावलेले आहेत.

हिवऱ्याची बाग आणि ठाण्याचे जंगल

इंग्रजी अमलात मुळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. नाणेघाटाच्या वर, जुन्नरजवळ हिवरे इथे या बागेची एक शाखा होती. तिथे औषधी वनस्पती लावून त्यांचे अर्क मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला पुरवले जात. विलायतेहून येणारे औषध महाग पडे, म्हणून ही खटपट. पुढे १८४७ साली हाच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-संरक्षक झाला. औषधाची बाग आणि जंगलाचा कारभार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून सुरू झाल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जंगल सरकारी झाल्यावर १८७८ च्या कायद्याने त्याच्या हद्दी पक्क्या झाल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. रानातून मुळी आणणारा माणूस आता परवानगीचा धनी झाला. मुळीची माहिती मात्र पुस्तकांत जमा होत राहिली.

या पुस्तकांत सर्वांत मोठे नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मराठी डॉक्टरांचे. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ साली अलाहाबादहून निघाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. १९३० च्या दशकात या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती तिघांनी तयार केली : एथेलबर्ट ब्लॅटर, जाँ फर्दिनां केयस आणि के. एस. म्हसकर. ब्लॅटर आणि केयस हे जेझुइट पाद्री. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुळीची ओळख पक्की करून घेण्यासाठी संशोधक आजही तिथे जातात. केयस आणि म्हसकर यांची खरी कामगिरी मात्र परळला झाली.

परळचा नकार

परळच्या हाफकिन संस्थेत या दोघांनी सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींची परीक्षा हाती घेतली. देशभरातल्या ग्रंथांत आणि लोकव्यवहारात सर्पदंशावर सांगितलेल्या तीनशेहून अधिक वनस्पती आणि त्यांची कितीतरी मिश्रणे त्यांनी जमवली. नाग आणि घोणस यांचे विष प्राण्यांना टोचून त्यांच्यावर एकेक औषध वापरून पाहिले. १९३१ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो : त्यांतले एकही औषध विषापासून प्राण्याला वाचवू शकले नाही.

हे काम करणारे म्हसकर आपल्याच मातीतले होते. देशी वनस्पतींविषयी त्यांच्या मनात तुच्छता असती तर कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथावर त्यांनी वर्षे घालवली नसती. ज्याला मुळ्यांविषयी आस्था होती त्यानेच सापापुढे मुळी चालत नाही असे लिहून ठेवले, म्हणून त्या नकाराला वजन आहे.

मग पाड्यावरचा माणूस ‘मुळीने गुण आला’ असे म्हणतो ते खोटे का? तो खोटे बोलत नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. अशा दंशावर काहीही लावले तरी माणूस उठून बसतो आणि श्रेय मुळीला जाते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे पुरेसे विष अंगात गेले असेल तर प्रतिविषाच्या इंजेक्शनाखेरीज उपाय नाही. इब्न सीनाची ‘नेहमी किंवा बहुतेक वेळा’ ही अट नेमकी इथे लागू पडते.

मुंगसाचे कोडेही पुढे सुटले. १९९२ साली इस्राएली शास्त्रज्ञांनी दाखवले की मुंगसाच्या स्नायूंवर नागाचे विष जिथे चिकटायला हवे, त्या जागेची घडणच वेगळी असते, त्यामुळे विषाला तिथे धरायला जागा मिळत नाही. मुंगसाला त्याचे शरीर वाचवते. ते शरीर माणसाला मुळी खाऊन मिळणार नाही.

हा इतिहास आम्हाला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली आणि बहुतेक मृत्यू पावसाळ्यातले. भातलावणी आमच्या दोन्ही तालुक्यांतही त्याच दिवसांत असते. रुग्णाला रुग्णालयात नेण्याऐवजी मुळी शोधण्यात जो तास जातो, तोच त्याच्या आयुष्याचा तास असतो. १९३१ चा तो नकार शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

त्याच वर्षीचा होकार

योगायोग असा की १९३१ हेच वर्ष एका मोठ्या होकाराचेही आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांना युनानी औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी अशी तळमळ होती. जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी यांना त्यांनी या कामासाठी बोलावले. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस वारले. सिद्दीकींनी काम चालू ठेवले आणि १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी आपल्या आश्रयदात्याच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते असे लिहिले.

पुढचे पाऊल पुन्हा परळलाच पडले. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून आपले निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले आणि काही वर्षे ते रक्तदाबावरचे जगातले एक मुख्य औषध ठरले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

जिच्या नावातच साप आहे ती मुळी सापापुढे हरली आणि रक्तदाबापुढे जिंकली. परंपरेने तिच्याविषयी सांगितलेले काही खरे निघाले, काही खोटे. कोणते खरे आणि कोणते खोटे हे परीक्षेवाचून कळले नसते. रेसर्पिनचीही परीक्षा पुढे चालूच राहिली. काही रुग्णांत औदासीन्य दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या, त्याहून सोयीची औषधे निघाली आणि त्याचा वापर मागे पडला. तिकडे मागणीपायी सर्पगंधा रानातून एवढी उपसली गेली की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आणावा लागला. मुळी खणली म्हणजे झाड गेलेच. पाना-फळांचे तसे नसते.

सूज आणि उंदराचा पंजा

आता आजच्या दोन प्रश्नांकडे वळू. सुजेविषयी परंपरा स्पष्ट आहे. चरकसंहितेत सूज उतरवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण आहे. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू, म्हणजे आपले दशमूळ. युनानीत याच गुणाला ‘मुहल्लिल-ए-औराम’ म्हणतात, सूज विरघळवणारा. दशमुळातली टेंटू, शिवण, पाडळ ही झाडे सह्याद्रीच्या या रानातलीच.

आधुनिक प्रयोगशाळेची पद्धत १९६२ साली अमेरिकेत ठरली. तांबड्या समुद्रशेवाळापासून काढलेला कॅराजीनन नावाचा पदार्थ उंदराच्या पंजात टोचतात. पंजा सुजतो. दर तासाला सूज मोजतात. काही उंदरांना आधी मुळीचा अर्क दिलेला असतो, काहींना डायक्लोफेनॅकसारखे ओळखीचे औषध आणि काहींना नुसते पाणी. तिन्ही गटांची तुलना करतात. सूज कशी उतरते याचे रसायन १९७१ साली जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिनच्या संदर्भात उलगडले आणि १९८२ चे नोबेल मिळवले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी १९७३ साली हळदीतले कर्क्युमिन सूज उतरवते असे अशाच प्राण्यांवरच्या प्रयोगांनी दाखवले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ही इब्न सीनाची शेवटची अट. ती पार करण्याचे कष्ट महाराष्ट्रात काही जणांनी घेतले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून गुळवेल, शतावरी यांसारख्या वनस्पतींची पद्धतशीर तपासणी केली. मराठी वाचक त्यांना झाडाफुलांवरच्या ललित लेखनामुळे ओळखतात. पुण्यात १९९१ साली अश्वगंधेची मुळी, हळद, साळईचा डिंक आणि जसदाचे भस्म यांचे मिश्रण संधिवाताच्या ४२ रुग्णांना देऊन पाहिले. कोणत्या काळात औषध आणि कोणत्या काळात बिनऔषधी गोळी मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. वेदना कमी झाल्या, हालचाल सुधारली. क्ष-किरणांत मात्र सांध्याच्या स्थितीत फरक दिसला नाही. एकाच अहवालात होकारही आहे आणि नकारही. आमच्या मते परीक्षा म्हणतात ती ही.

२०१३ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सुंठ, गुळवेल, आवळा आणि साळईचा डिंक यांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे गुडघेदुखीवर सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन यांच्या बरोबरीची ठरली. याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले आढळले, आणि तेही लपवले गेले नाही.

जांभळा रंग पिवळा होतो

दुसरा प्रश्न अँटिऑक्सिडंटचा. शरीरात श्वासोच्छ्वास आणि अन्नाच्या ज्वलनातून काही अस्थिर, चंचल कण तयार होतात. ते पेशींना इजा करू शकतात. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. १९५८ साली ब्लॉइस या शास्त्रज्ञाने एक सोपी रीत सुचवली. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात मुळीचा अर्क टाकला आणि रंग पिवळा पडला की अर्कात असे पदार्थ आहेत असे समजायचे. रंग किती उतरला ते यंत्राने मोजतात. खर्च कमी, वेळ अर्धा तास, प्राणी मारावा लागत नाही. महाविद्यालयांत ही परीक्षा लोकप्रिय होण्याचे कारण हेच.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली चित्रकाच्या मुळीची आणि तिच्यातल्या प्लंबॅजिन या द्रव्याची अशी तपासणी अनेक रीतींनी करून अँटिऑक्सिडंट गुण नोंदवला. काम काळजीपूर्वक केलेले आहे. पण यावरून कोणी चित्रकाची मुळी उगाळून पिऊ लागला तर? ही मुळी कातडीवर लावली तर फोड येतात. वैद्य ती चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध केल्याखेरीज वापरत नाहीत, आणि गरोदर स्त्रीला ती वर्ज्य आहे. परीक्षानळीतल्या पिवळ्या रंगाला यातले काही ठाऊक नसते.

शिवाय चहा, आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, तुरट चवीचे जवळजवळ काहीही त्या जांभळ्या द्रावणात टाकले तर रंग उतरतोच. सगळ्यांनाच पास करणाऱ्या परीक्षेवरून विद्यार्थ्याची पारख होत नाही, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. नळीतला गुण शरीरात उतरतोच असेही नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली जाहीर झाला. बीटा-कॅरोटीन हे नामांकित अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. रंगाची परीक्षा ही पहिली पायरी आहे. तिला शेवटची समजणे धोक्याचे.

शहापूरची गुळवेल

हे सारे आपल्या दारात कसे आले ते गुळवेलीने दाखवले. गुळवेलीची मुळी नव्हे, तर वेल वापरतात, पण धडा तोच आहे. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. २०२१ साली औषध कंपन्यांकडून त्यांना ३५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचे सरकारने जाहीर केले. कातकऱ्यांच्या हाती एवढा व्यवहार यावा ही आनंदाची गोष्ट आहे. हिशेब केला तर किलोला सुमारे ४५ रुपये पडतात.

त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती गुळवेल खरी नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी. वाद पुढे चालला. तो ज्या मुद्द्यावर आहे तो मुद्दा इब्न सीनाच्या पहिल्या अटीचा आहे : औषध शुद्ध आहे का, ते तेच आहे का? हे ओळखणारा पहिला माणूस प्रयोगशाळेत नसतो. तो रानात कोयता घेऊन उभा असतो. त्याच्या डोळ्याला आपण किंमत देत नाही आणि मग भेसळीची तक्रार करतो.

किंमत देण्याचा प्रश्न कायद्याशी येऊन पोचतो. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि १९५३ सालच्या एका लेखाचे पुरावे देऊन १९९७ साली ते रद्द करून घेतले. नंतर संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांतल्या औषधयोगांचा सरकारी माहितीकोश तयार झाला. जे लिहिलेले होते ते वाचले. ठाकराच्या आणि कातकऱ्याच्या तोंडी असलेल्या ज्ञानाला असे कागद नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळ्या आणि कंद यांवर वननिवासींची मालकी मान्य केली. मात्र जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या अटीतून सूट दिली. दशमूळ ग्रंथात आहे, पण आज ते कोणत्या रानात, कोणत्या कड्याखाली उरले आहे हे ग्रंथात नाही.

केरळात काणी आदिवासींनी दाखवलेल्या एका वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. १९९५ साली ते कंपनीला दिले गेले आणि मिळालेल्या शुल्काचा निम्मा वाटा काणींसाठी ठेवला गेला. त्यातही पुढे अडचणी आल्या, पण वाट्याचा विचार तरी झाला.

विद्यार्थ्यांनी काय विचारावे

आमच्या शाळांतली मुले उद्या याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत जातील. काही जणी औषधनिर्माणशास्त्र शिकतील, काही जण युनानी किंवा आयुर्वेदाची पदवी घेतील, आणि त्यांच्या हाती अशाच एखाद्या मुळीचा प्रकल्प येईल. त्यांनी मार्गदर्शकांना आणि स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत एवढीच आमची अपेक्षा आहे.

मुळी कोणती, आणि ती ओळखली कोणी? परीक्षा नळीत झाली, उंदरावर झाली की माणसावर? नकार आला असता तर तो छापला असता का? मुळी खणल्यावर त्या जागी पुन्हा काही लावले का? आणि अहवालाच्या शेवटी, जिथे यंत्र पुरवणाऱ्यांचे आभार मानतात, तिथे ज्या बाईने किंवा बाबाने रानात नेऊन मुळी दाखवली त्यांना विचारून, त्यांची संमती असेल तर, त्यांचे नाव लिहिले का? साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डच अधिकाऱ्याला ते जमले होते.

हे प्रश्न परंपरेच्या विरोधातले नाहीत. म्हसकरांनी सापापुढे मुळीचा नकार लिहून ठेवला, सिद्दीकींनी आणि वकिलांनी सर्पगंधेचा होकार मिळवला. दोघांच्याही वाट्याला तोच मार्ग होता : मुळीला विचारायचे आणि ती जे सांगेल ते खाली मान घालून लिहायचे. शहापूर-मुरबाडच्या रानात अजून कितीतरी मुळ्या अशा आहेत ज्यांना कोणी नीट विचारलेले नाही. त्या संपण्याआधी विचारले पाहिजे. आणि तोवर, पावसाळ्यात कोणाला साप चावलाच, तर मुळी राहू द्यावी आणि गाडी बोलवावी.